पांडवकडा आणि त्याचा डोह

इतिहास म्हटला कीं लढाया, तहनामे आणि राजवंश एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु लोक पाण्याशीं कसे वागले याचाही इतिहास असतो. तो बखरींत नसला तरी स्थळांच्या नांवांत व दैवतांच्या ठाण्यांत सांपडतो. नवी मुंबईंतील खारघरच्या पांडवकड्याचा असा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत मांडणार आहों.

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक सांचून झाला. पनवेलच्या आसपास हे थर समुद्राच्या दिशेनें वांकलेले असून भूशास्त्रज्ञ त्या वळणास ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो. म्हणून ओढा हळूहळू न उतरतां कड्यावरून एकदम कोसळतो व पायथ्याशीं डोह कोरतो. पांडवकड्याची उंची सुमारें १०७ मीटर सांगतात. हा पाषाण पाणी फारसें मुरूं देत नाहीं. वर पठारावर मोठी सर पडली म्हणजे तें पाणी थोड्याच वेळांत खालच्या अरुंद ओढ्यांत येतें. डोहाशीं ऊन पडलें असतांही लोंढा येऊं शकतो, तो यामुळेंच. मग मघां सहज ओलांडलेली वाट परततांना उरत नाहीं.

वनवासांत पांडवांनीं येथें स्नान केलें अशी दंतकथा आहे. नाशिकच्या बौद्ध लेण्यांसही लोक ‘पांडवलेणीं’च म्हणतात, तेव्हां अशा नांवांवरून पांडवांचा मार्ग ठरवितां येत नाहीं हें उघड आहे. मात्र नांव ठेवणारांचें मन त्यावरून कळतें. जें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें वाटलें, तें त्यांनीं पांडवांच्या नांवें केलें. शिवाय नांव पडलें तें कड्यास, धबधब्यास नव्हे. पाणी चार महिन्यांचें, कडा बारा महिन्यांचा. डोंगराशीं ज्यांचा संबंध बारमाही होता, त्यांनींच हें नांव ठेवलें असावें.

महाराष्ट्रांत खोल पाण्याच्या कांठीं ‘साती आसरा’ या जलदेवतांचीं ठाणीं आढळतात. बहुधा शेंदूर फासलेले सात दगड, याहून अधिक तेथें कांहीं नसतें. ‘तिकडे पोहूं नको, आसरा ओढून नेतील,’ असें आया मुलांना बजावीत. सुशिक्षितांनीं ही समजूत हंसण्यावारी नेली, आणि जलदेवता नाहींत हें त्यांचें म्हणणें खरेंच आहे. परंतु ते सात दगड म्हणजे पूर्वीं कोणीतरी तेथें बुडाल्याची, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली नोंदही असूं शकते, हा विचार फारसा कोणी केला नाहीं. देवता गेली, आणि तिच्याबरोबर नोंदही गेली.

यावरून आपले पूर्वज पाण्यास केवळ भीत होते असें मात्र कोणीं समजूं नये. ‘रघुवंशा’च्या सोळाव्या सर्गांत कुश राजाची शरयूंतील जलक्रीडा कालिदासानें मोठ्या हौसेनें वर्णिली आहे. पण राजा पाण्यांत उतरण्यापूर्वीं कोळ्यांकडून जाळीं टाकवून नदींतील मगरी काढवितो. आनंदाआधीं बंदोबस्त, हा क्रम त्या कवीस ठाऊक होता.

डोंगर म्हणजे सुटी घालविण्याची जागा, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलांत रुजली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यांत चौक गांवाहून माथेरान चढले. १९०७ सालीं तेथें नेरळहून आगगाडी गेली. पुढें १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली, आणि १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. अशा रीतीनें लक्षावधि कुटुंबें पांडवकड्याच्या शेजारास आलीं. त्यांना डोंगर मिळाला. डोंगराची माहिती मिळाली नाहीं.

त्याची किंमत फार जबर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें चार विद्यार्थिनी याच परिसरांत वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण गेले. त्यानंतर आठवड्याभरांत बेलापूरच्या डोंगरावर अडकलेल्या सुमारें ६० जणांना अग्निशमन दलानें खालीं आणलें. सरकार पावसाळ्यांत मनाई हुकूम काढतें, फलक लावतें. पण तरुण मंडळी आडवाटेनें, निसरड्या चढणीनें वर जातातच. कारण फलक ‘जाऊं नका’ एवढेंच सांगतो, ‘कां’ तें सांगत नाहीं.

मनाई निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती अपुरी आहे. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी असे आदिवासी पाडे आहेत. कोणता ओढा केव्हां फुगतो, कोणत्या खडकावर शेवाळ धरतें, हें तेथल्या रहिवाशांइतकें कोण जाणणार? त्यांस योग्य वेतन देऊन वाटेवरचे रखवालदार व वाटाडे नेमावे. शाळा-कॉलेजांनीं पोहणें आणि ओढ्याची भाषा दोन्ही शिकवावीं : पाणी गढूळ होऊं लागलें, काटक्या-पाला वाहून येऊं लागला, कीं तत्क्षणीं कांठ गांठावा, आणि फुगलेला ओढा ओलांडण्याचें धाडस न करतां उंच जागीं थांबावें. आसरांचें भय परत आणण्याचें कारण नाहीं. त्या भयामागें जें ज्ञान होतें, तें आपल्या मुलांच्या हातीं देणें हें मात्र आपलें कर्तव्य आहे.