आधी जागा, मग हेडफोन

संगीत ऐकण्यासाठी पहिलाच चांगला हेडफोन घ्यायचा, असं ठरवून माणूस दुकानात जातो आणि समोर टांगलेले नमुने पाहून गोंधळतो. विक्रेता किंमत सांगतो, वॉरंटी सांगतो, ‘बेस’ किती दणदणीत आहे तेही सांगतो. एक गोष्ट मात्र तो क्वचितच विचारतो : आपण गाणं ऐकणार कुठे? गंमत अशी, की हेडफोनचा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

कानाला यंत्र लावून दूरचं संगीत ऐकण्याचा मोठा प्रयोग झाला तो १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात. क्लेमां अदेर या फ्रेंच अभियंत्यानं ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक बसवले. दोन किलोमीटरहून अधिक अंतरावर लोक प्रत्येक कानाला एक असे दोन ग्राहक लावून उभे राहिले. गायक डावीकडून उजवीकडे सरकला की तेही कानांना कळत असे. पुढं लंडनमध्ये १८९५ साली ‘इलेक्ट्रोफोन’ ही सेवा निघाली आणि वर्गणीदारांना नाटकं आणि ऑपेरा घरबसल्या ऐकता येऊ लागले.

पण डोक्यावर पट्टा आणि दोन्ही कानांवर वाट्या, हे रूप रुळवलं ते जहाजांवरच्या बिनतारी खोल्यांनी. अमेरिकेतील यूटा इथल्या नॅथनिएल बाल्डविननं १९१० साली स्वयंपाकघरातल्या टेबलावर असा जोड तयार केला आणि अमेरिकन नौदलाकडे पाठवला. नौदलाला तो पसंत पडला. मात्र बाल्डविनचा कारखाना म्हणजे त्याचं स्वयंपाकघरच असल्यामुळं एका वेळी दहाच नग मिळू शकत. तारायंत्राची क्षीण टकटक टिपणं एवढंच त्या हेडफोनचं काम होतं. संगीत कुणाच्या मनात नव्हतं.

संगीतासाठी वेगळी रचना हवी होती. बर्लिनमध्ये ऑयगेन बायर यांची कंपनी चित्रपटगृहांचे ध्वनिक्षेपक बनवत असे. १९३७ साली तिनं ‘डीटी ४८’ हा हेडफोन काढला. यात चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं हलकं वेटोळं असतं, ते पातळ पडद्याला जोडलेलं असतं आणि गाण्याच्या विद्युतलहरींबरोबर दोन्ही हलतात. म्हणजे कानाजवळ ठेवलेला लहानसा लाउडस्पीकरच. आजचे बहुतेक हेडफोन याच तत्त्वावर चालतात. हा नमुना सात दशकांहून अधिक काळ बनत राहिला, हे आजच्या वापरा-आणि-फेका जमान्यात ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

मग हेडफोन दिवाणखान्यात आला. १९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात येत होत्या. त्याच वर्षी मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी एका प्रदर्शनात आपला नवा फोनोग्राफ मांडला. लोकांचं लक्ष मात्र त्याच्या जोडीला ठेवलेल्या हेडफोनवरच खिळलं. दहा वर्षांनी, १९६८ साली, जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनं ‘एचडी ४१४’ आणला. तोवरचे बहुतेक हेडफोन मागून बंद, जड आणि कान घामेजून टाकणारे होते. याची पाठ उघडी होती. पडद्यामागची हवा कोंडली जात नसल्यानं सूर मोकळे वाटत. अडचण इतकीच, की बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. शांत खोलीत तो उत्तम, लोकलच्या डब्यात निरुपयोगी.

रस्त्यासाठीचं उत्तर जपानमधून आलं. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन विक्रीला आला. त्याच्या सोबतचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमचा होता. चालता चालता संगीत ऐकण्याची सवय जगाला लागली आणि तिच्याबरोबर नवा धोकाही आला : रहदारीच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणं.

या गोंगाटाचा विचार अमर बोस यांनी विमानात बसून केला. बंगाली वडिलांचा हा अमेरिकेतला मुलगा एमआयटीत प्राध्यापक होता. १९७८ साली विमानप्रवासात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीत संगीत नीट ऐकू येईना. बाहेरचा आवाज मायक्रोफोननं टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडून तो विझवायचा, ही त्यांची कल्पना. तिच्यातून १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये प्रवाशांसाठी हेडफोन निघाले. एकसुरी घुमणारा आवाज यानं छान दबतो. शेजाऱ्याच्या गप्पा मात्र तितक्या दबत नाहीत.

या इतिहासातून निवडीचा क्रम आपोआप निघतो. घरी, एकांतात ऐकणार असाल, तर उघड्या पाठीचा. घरात माणसं असतील, तर बंद वाट्यांचा. रोजचा प्रवास असेल, तर कानात घट्ट बसणारा किंवा गोंगाट दाबणारा. ही निवड चुकली तर पैसे जातातच, पण कानही जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. दर तीन डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला उरतात फक्त पाच तास. गाडीच्या खडखडाटात उघडा हेडफोन लावणारा माणूस ही मर्यादा कधी ओलांडतो, ते त्यालाही कळत नाही.

त्यानंतर किंमत. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ साली २८३ हेडफोनची मोजमापं प्रसिद्ध केली. खालच्या ते वरच्या सुरांना हेडफोन किती न्याय देतो याचा आणि किमतीचा काही संबंधच त्यांना आढळला नाही. म्हणून दुकानात किमतीवर नव्हे, कानावर विसंबावं. विक्रेत्याची झगमगीत फीत न ऐकता आपल्या ओळखीची ध्वनिमुद्रिका सोबत न्यावी. तानपुऱ्याची जवारी झणझणते का, डग्ग्याची घूम गायकाच्या आवाजावर चढते का, गायकानं घेतलेला श्वास ऐकू येतो का, एवढं पाहावं. दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण जो मोठ्यानं वाजतो तो चांगला वाटतो. अर्धा तास डोक्यावर ठेवून तो टोचतो का, तेही बघावं.

तारेचा की बिनतारी, हा शेवटचा प्रश्न. २०१६ मध्ये आयफोनची हेडफोनची खाच गेली आणि बिनतारीचा बोलबाला वाढला. बिनतारीची सोय मोठी, पण त्यातली बॅटरी म्हातारी होते. ज्याची तार आणि गाद्या बदलता येतात, असा तारेचा जोड वर्षानुवर्षं साथ देतो. मात्र ३०० ओहमसारखा जास्त रोध असलेला हेडफोन फोनवर मंद वाजू शकतो, तेव्हा तो आपल्याच फोनला लावून पाहावा. आणि घरी आणल्यावर पहिला नियम करावा : गोंगाट वाढला तर आवाज वाढवायचा नाही, जागा बदलायची.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)