मॉर्व्हनच्या रिकाम्या वाटा

या व्याख्यानमालेत आम्हांला आजवर बोलावणे आले ते बोनस, किमान वेतन आणि संप या विषयांवर. यंदा चालकांनी सुचविले, की प्रवासात पाहिलेल्या एखाद्या प्रदेशाचा इतिहास सांगा. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा नववीत संपली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा जे पायांनी चाललो आणि जे त्या कपाटामुळे समजले, तेवढेच येथे मांडतो.

कामगार चळवळीच्या निमित्ताने आम्हांला स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी जाण्याचा योग आला. तेथले काम आटोपल्यावर एका निवृत्त बसचालक बांधवाने आम्हांस चार दिवस वायव्येकडे नेले. 'आमच्याकडच्या सोप्या वाटा तुम्हांला दाखवतो' असे तो म्हणाला. वाटा खरोखरच सोप्या होत्या. आमच्या दुखऱ्या गुडघ्यालाही त्या मानवल्या. जड गेला तो त्यांचा इतिहास.

प्रदेशाचे नाव मॉर्व्हन. हे एक द्वीपकल्प आहे. उत्तरेला लॉख सुनार्ट, पूर्वेला लॉख लिनी आणि नैर्ऋत्येला मल बेटापासून त्याला वेगळी करणारी चिंचोळी सामुद्रधुनी. 'लॉख' हा गेलिक भाषेतला शब्द. डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यालाही लॉख म्हणतात आणि समुद्राचे पाणी दोन डोंगरांच्या मध्ये आत शिरते त्यालाही लॉखच म्हणतात. या दुसऱ्याला आपला कोकणी माणूस सरळ खाडी म्हणेल. काठाला ओकची झाडी, दगडांवर ओले शेवाळ, वर धुके. आणि माणूस? माणूस मैलोगणती दृष्टीस पडत नाही. आम्ही सोबत्याला म्हणालो, 'निसर्गाने हा मुलूख निर्जन ठेवला, हे तुमचे भाग्य.' तो थांबला आणि म्हणाला, 'निसर्गाने नाही ठेवला.' आजच्या व्याख्यानाचा सारा विषय या तीन शब्दांत आहे.

पहिली वाट लॉख सुनार्टच्या उत्तर काठावरील स्ट्रॉन्टियन गावाजवळची, आरिअंडलच्या ओकवनातली. पाहणाऱ्याला वाटावे की हे वन अनादिकालापासून असेच उभे आहे. परंतु नीट पाहिले म्हणजे पुष्कळ झाडांना एकाच बुंध्यातून तीनतीन, चारचार खोडे फुटलेली दिसतात. झाड मुळाशी तोडावे, धुमारे वाढू द्यावेत, वीसपंचवीस वर्षांनी पुन्हा तोडावे, अशी येथली रीत होती. लाकडाचा कोळसा करून तो लोखंडाच्या भट्टीला जाई. दक्षिणेकडे बोनॉ येथे 1753 साली अशी भट्टी निघाली आणि ती 1876 पर्यंत चालली. ओकची साल कातडी कमावण्यास जाई. म्हणजे हे रान नव्हे, हा एक कारखानाच होता. फक्त त्याला छप्पर नव्हते. वनाच्या वरच्या अंगाला शिशाच्या खाणी आहेत. त्या 1720 नंतरच्या दशकात सुरू झाल्या. तेथल्या खनिजात 1790 साली एक नवे द्रव्य असल्याचे ध्यानी आले आणि 1808 साली हम्फ्री डेव्हीने त्यातून मूलद्रव्य वेगळे केले. त्याचे नाव स्ट्रॉन्शियम. दिवाळीच्या दारूकामात जो लाल रंग दिसतो, तो बहुधा याच्याच क्षारांचा असतो. गावाचे नाव विज्ञानाच्या कोष्टकात अमर झाले. ज्यांनी कुदळी मारल्या त्यांची नावे कोठेच नाहीत.

याच गावची दुसरी एक गोष्ट संघटना करणाऱ्या माणसाने विसरू नये अशी आहे. 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. धर्मगुरू कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळींनी, हा वादाचा मुख्य मुद्दा. येथल्या मंडळींनी नव्या स्वतंत्र चर्चची बाजू घेतली आणि जमीनदार सर जेम्स रिडेल यांनी त्यांना प्रार्थनामंदिरासाठी हातभर जागा द्यावयाचे नाकारले. जमीन सारी त्यांची. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, क्लाइड नदीवरच्या गोदीत एक लोखंडी तरंगते देऊळच बांधून घेतले आणि 1846 साली ते ओढत आणून लॉख सुनार्टच्या पाण्यात नांगरले. लोक होड्यांतून प्रार्थनेला जात. शंभर माणसे आत गेली की ते इंचभर खाली बसे, असे सांगतात; त्यावरून कोणत्या उपदेशकाला गर्दी किती हे काठावरूनच कळे! मालकाने आवारात मज्जाव केल्यावर फाटकाबाहेर हातगाडीवर उभे राहून आम्हीही सभा घेतल्या आहेत. त्यामुळे त्या पाण्याकडे पाहताना आम्हांला परके वाटले नाही.

दुसरी वाट मॉर्व्हनच्या आतल्या भागातली, इन्नीमोरची. तासाभराची चाल, बांधलेली पायवाट. झाडीतून वर गेले की एकदम उघडा उतार लागतो आणि गवतात दगडी भिंती दिसतात. कोठे कमरेइतक्या, कोठे गुडघ्याइतक्या. हे गाव होते. 1824 साली एडिंबरोच्या ख्रिस्तीना स्ट्यूअर्ट नावाच्या बाईंनी ही जहागीर विकत घेतली आणि त्याच साली गाव उठविले गेले. पुढे विसाव्या शतकात सरकारी जंगलखात्याने लावलेल्या सूचिपर्णी झाडांखाली ते झाकून गेले होते. ती झाडे तोडल्यावर भिंती पुन्हा उजेडात आल्या.

गाव का उठविले? या प्रश्नाचे उत्तर एका बाईच्या दुष्टपणात शोधू नये, असे आमचे मत आहे. मॉर्व्हनचा मोठा भाग आर्गाइलच्या ड्यूकचा होता. तो कर्जात बुडाला आणि 1819 पासून जमिनी विकल्या जाऊ लागल्या. नेपोलियनशी चाललेले युद्ध 1815 साली संपल्यावर गुरांचे भाव उतरले. समुद्रातली शेवाळवेल जाळून तिची राख काच आणि साबण यांच्या कारखान्यांना विकत, तिचाही भाव पडला. कुळांकडून खंड येईना. उलट दक्षिणेकडचा एखादा मेंढपाळ मोठी रक्कम रोख मोजावयास तयार होता. कारण गिरण्यांना लोकर हवी होती. मालकाच्या वहीत हिशेब सरळ होता: माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या. कार्ल मार्क्सने 'भांडवल' ग्रंथात उत्तरेकडील सदरलँडचे उदाहरण दिले आहे. 1814 ते 1820 या काळात 15,000 माणसे हुसकली गेली आणि 1825 साली त्यांच्या जागी 1,31,000 मेंढ्या होत्या. आम्ही हे आकडे अनेक अभ्यासवर्गांत फळ्यावर लिहिले होते. त्यांचा अर्थ इन्नीमोरच्या उंबऱ्यावर बसल्यावर कळला.

कारण तेथे एका बाईचा आवाज राहिला आहे. मेरी कॅमेरॉन तिचे नाव. तिची हकीकत नॉर्मन मॅक्लाउड या मॉर्व्हनमध्येच वाढलेल्या धर्मोपदेशकाने गेलिक भाषेत लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला मिळते. हुकुमाची माणसे आली आणि त्यांनी चुलीवर पाणी ओतले. विझणाऱ्या निखाऱ्यांचा तो चरचराट तिच्या काळजात कायमचा राहिला. नवऱ्याने आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवरच्या टोपलीत घेतले. तिने तान्हे मूल छातीशी धरले. मोठी मुले बाजूने चालत निघाली. टेकडीवरून त्यांनी मागे वळून पाहिले, तो गावात मेंढ्यांचे बेंबाटणे आणि परक्या धनगराच्या कुत्र्याचे भुंकणे सुरू झालेही होते. ही माणसे ग्लासगोला गेली.

श्रोतेहो, त्या काळचे ग्लासगो म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. डोंगराळ मुलुखातली उठलेली माणसे आणि दक्षिणेच्या गिरण्या यांची गाठ आधीच पडली होती. 1791 साली स्काय बेटावरून अमेरिकेला निघालेले एक जहाज वादळामुळे ग्रीनॉक बंदरात शिरले, तेव्हा डेव्हिड डेल याने त्यातल्या कित्येकांना आपल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत काम दिले. हीच गिरणी पुढे रॉबर्ट ओवेनमुळे जगप्रसिद्ध झाली. डोंगरावर मेंढी, खाली गिरणी आणि त्या दोहोंमध्ये बोचके घेऊन चालणारे कुटुंब, असे हे एकच यंत्र होते.

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने मुंबईला आले आणि साच्यावर उभे राहिले. त्यांच्या चुलीवर कोणी पाणी ओतले नव्हते. परंतु खोताचा खंड आणि सावकाराचे व्याज यांनी ती जवळजवळ विझवलीच होती. वडील 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात बाहेर पडले, ते पुन्हा खात्यात गेले नाहीत. आज गिरणगावात काही चिमण्या शोभेसाठी राखल्या आहेत आणि त्यांच्याखाली दुकाने झगमगतात. बघणाऱ्याला त्या छानच वाटतात. इन्नीमोरच्या भिंतीही आम्हांला प्रथम छानच वाटल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे.

तिसरी वाट लॉख अ‍ॅलिनच्या काठाची. ही तिन्हींत सर्वांत सोपी आणि कदाचित सर्वांत देखणी. खाडीच्या टोकाशी आर्डटॉर्निशचा वाडा आणि जवळच किन्लॉखॅलिनचा जुना कोट. ही जमीन एकेकाळी पॅट्रिक सेलरकडे होती. सदरलँडमधील हुसकावणीच्या प्रकरणी 1816 साली ज्याच्यावर मनुष्यवधाचा खटला झाला आणि जो निर्दोष सुटला, तोच हा सेलर. त्याने 1838 आणि 1844 साली मॉर्व्हनमध्ये जमिनी घेतल्या आणि येथेही कुळे काढली. त्याच्यामागून 1860 साली लंडनचा एक दारूभट्टीवाला, ऑक्टेव्हियस स्मिथ, आर्डटॉर्निशचा मालक झाला. मेंढ्यांनंतर शिकारीचे हरिण आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या परगण्यात सुमारे दोन हजार माणसे होती. आज काही शेकडेच आहेत. मात्र खाडीच्या तोंडाशी एक खाण आहे. तेथली वाळू अत्यंत शुद्ध. दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणींच्या काचेसाठी लागणारी वाळू परदेशातून येईना, तेव्हा 1940 साली ही खाण उघडली. 2008 साली ती बंद पडली, 2012 साली पुन्हा सुरू झाली. तेवढी बारी भरली की गावात शाळेची मुले दिसतात. काम असले म्हणजे माणूस राहतो. त्याला देखाव्याने भागत नाही.

आता या वाटांवरून आम्ही निर्धास्त कसे फिरलो? स्कॉटलंडमध्ये 2003 साली जमीनसुधारणा कायदा झाला. खासगी असो की सरकारी, बहुतेक जमिनीवरून आणि पाण्यावरून जबाबदारीने जाण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला. पिकातून जाऊ नये, कोणाच्या घराअंगणात शिरू नये, फाटक जसे असेल तसे ठेवावे, एवढी पथ्ये. त्याही आधी कुळांनी झगडून 1883 साली चौकशी आयोग आणि 1886 साली कूळकायदा मिळविला होता. पण तोवर उठविलेल्यांना त्याने गावे परत दिली नाहीत. 2003 च्या कायद्यात एक दुसरेही कलम आहे. खेड्यातील लोकांनी संस्था स्थापून नोंदणी केली, तर जमीन विक्रीला निघाल्यावर ती घेण्याचा पहिला मान त्यांचा. जवळच्या एग बेटाच्या रहिवाशांनी तर कायद्याची वाट न पाहता 1997 साली बेट जमीनदाराकडून सोडवून घेतले.

परतताना सोबत्याने विचारले, 'वाटा आवडल्या का?' आम्ही म्हणालो, 'आवडल्या. पण चालण्याचा हक्क हा अर्धाच हक्क आहे. राहण्याचा हक्क हा उरलेला अर्धा.' तो म्हणाला, 'म्हणून तर तुम्हांला आणले.'

मित्रहो, सुंदर जागा पाहावयास जरूर जा. परंतु जेथे फार शांतता वाटेल तेथे क्षणभर थांबा, गवत बाजूला करा आणि चूल कोठे होती ते शोधा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.