फूल आणि दोन पाने : गोव्याचा १९६७चा जनमत कौल

१६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशात झालेल्या मतदानात एकही उमेदवार उभा नव्हता. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासितच राहायचे, एवढेच मतदारांना ठरवायचे होते. दमण-दीवपुढे महाराष्ट्राच्या जागी गुजरात होता. विलीनीकरणाला फूल ही निशाणी मिळाली, वेगळ्या गोव्याला दोन पाने.

हा प्रश्न लोकांपुढे जाईलच, अशी खात्री आधी नव्हती. डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेत बहुमत सरकारच्याच बाजूने होते. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांचे म्हणणे असे की, प्रदेशाचे अस्तित्वच मिटवणारा निर्णय आमदारांच्या हात वर करण्याने होऊ नये. तो थेट जनतेने घ्यावा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत त्यासाठी खटपट केली. १९६६च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा मंजूर केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर सरकार पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली.

त्यानंतरच्या दीड महिन्यात गोव्यात जी चर्चा झाली, ती निवडणुकीच्या नेहमीच्या सभांहून निराळी होती. विलीनीकरणवाद्यांचा जोर भाषा आणि संस्कृतीवर होता. हिंदू बहुजन समाजाची शाळा, कीर्तन आणि नाटक मराठीत चालत असे, आणि महाराष्ट्रात गेल्याने कुळांना भाटकारांच्या (जमीनदारांच्या) जाचातून सुटका मिळेल ही आशाही त्यामागे होती. पणजीचे ‘गोमंतक’ दैनिक या बाजूचे. मुंबईहून आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ची तोफही तिकडूनच धडधडत असे.

विरोधकांपुढची अडचण मोठी होती. ख्रिस्ती मतदार बहुतांशी त्यांच्याकडे होता, पण तेवढ्या मतांवर कौल जिंकता येणार नव्हता. हिंदू वाचकापर्यंत पोचायचे तर मराठीतूनच बोलायला हवे होते. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ने ते केले. चंद्रकांत केणी संपादक असलेल्या या मराठी दैनिकात तरुण उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत आणि विलीनीकरणाचा एकेक मुद्दा खोडून काढत. गोवा महाराष्ट्रातला एक जिल्हा होऊन बसेल, नोकऱ्या बाहेरून आलेल्यांना जातील, तिथली दारूबंदी इथे आली तर रेंदेरांनी (माडी काढणाऱ्यांनी) माडावर चढायचे कशासाठी, असे प्रश्न यातून पुढे आले. शेवटचा प्रश्न दिल्लीच्या राजकारणाला क्षुल्लक वाटला असेल. फेणीवर पोट असलेल्या घरात तो क्षुल्लक नव्हता. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी गावोगावी पोचली. मराठीच्या नावाने मागितलेले विलीनीकरण रोखण्यात एका मराठी दैनिकाचा एवढा वाटा असावा, हे विलीनीकरणवाद्यांना नक्कीच झोंबले असणार.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले, म्हणजे जवळपास ८२ टक्के. वेगळ्या गोव्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. सुमारे सतरा हजार मते इकडची तिकडे झाली असती तरी चित्र पालटले असते, आणि ख्रिस्ती मतांच्या जोडीला हिंदू मते आली नसती तर हा निकाल लागलाच नसता.

या कौलातून बांदोडकरांचा पराभव झाला असे मानणाऱ्यांना मतदारांनी दोन-अडीच महिन्यांतच उत्तर दिले. २८ मार्च १९६७च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा बहुमत मिळाले आणि ५ एप्रिलला बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. प्रदेश कोणाच्या नकाशात असावा आणि कारभार कोणी करावा, हे दोन प्रश्न लोकांनी वेगळे ठेवले होते. गोवा केंद्रशासितच राहिला. ३० मे १९८७ रोजी त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा दमण-दीव मात्र केंद्राकडे राहिले.