भिंतीकडे वळलेला गायक



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्ते, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. आज मी एका हॉटेलातील खोलीचा इतिहास सांगणार आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात, सॅन अँटोनिओ शहरी, गंटर हॉटेलातील एका खोलीत तात्पुरते ध्वनिमुद्रणालय मांडले होते. तेथे मिसिसिपीकडचा एक तरुण कृष्णवर्णी गायक गिटार घेऊन आला. त्याचे नाव रॉबर्ट जॉन्सन.

या खोलीचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जाऊ. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायिल्या त्या भोंग्यापुढे. भोंग्याला खणखणीत गळा मानवे. गिटारीच्या तारांसारख्या नाजूक ध्वनीची तेथे कुचंबणा होई. १९२५ पासून मायक्रोफोन व्यवहारात आला आणि हलका सूर, तारेवरून सरकणारे बोट, गायकाचा उसासा, हेही तबकडीवर उमटू लागले. मात्र गळा आणि वाद्य वेगवेगळे मुद्रित करून नंतर त्यांचा मेळ घालण्याची सोय तेव्हा नव्हती. गाणारा आणि वाजविणारा एकच. तोल त्याच्या गळ्यात आणि बोटांतच हवा. गाणे सुमारे तीन मिनिटांत संपलेच पाहिजे. चूक झाली तर पुन्हा आरंभापासून!

त्या खोलीसंबंधी एक हकिकत प्रसिद्ध आहे. मुद्रणाची व्यवस्था पाहणारे डॉन लॉ सांगत की, तेथे जमलेल्या मेक्सिकन वादकांपुढे वाजवून दाखव म्हणताच जॉन्सन भिंतीकडे तोंड करून बसला. लॉ यांच्या मते तो संकोच होता. पुढे कोणी म्हणाले, बोटांची करामत चोरली जाऊ नये म्हणून. कोणी म्हणाले, कोपऱ्यातल्या भिंतींवरून आवाज उलटून भरदार व्हावा म्हणून. तर्क चतुर आहेत. परंतु मूळ हकिकत इतरांना वाजवून दाखविण्याची आहे, मुद्रणाची नव्हे. कथा कशी वाढत जाते याचा हा नमुनाच समजा.

जॉन्सनने तेथे आणि जून १९३७ मध्ये डल्लास येथे मिळून २९ गाणी मुद्रित केली. १६ ऑगस्ट १९३८ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मरण पावला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा जलसा भरवीत होते. त्यांनी जॉन्सनचा शोध घेतला, तो त्याच्या मृत्यूची वार्ता आली. मग २३ डिसेंबर रोजी रंगमंचावर गायकाच्या जागी ग्रामोफोन वाजला आणि श्रोत्यांनी त्याच्या दोन तबकड्या ऐकल्या. आयुष्यभर ज्याला असे सभागृह लाभले नाही, त्याचा आवाज तेथे पोहोचला. माणूस मात्र चार महिने उशिरा आठवला गेला. १९६१ साली त्याची गाणी नव्या दीर्घ तबकडीवर निघाली, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वळले.

ज्या व्यापाऱ्यांनी ते मुद्रण केले, त्यांना इतिहास जपायचा नव्हता. तबकड्या विकायच्या होत्या. तरीही आज त्या माणसाची खरी ओळख त्या तबकड्यांतच उरली आहे. आपल्या माळ्यावर एखादी जुनी तबकडी धूळ खात असेल, तर ती मोडीत घालण्यापूर्वी एकदा ऐका. आणि ज्याचे गाणे आवडते तो गायक हयात असेल, तर त्याला आजच बोलवा.