महानगरपालिका शाळा, मुंबई

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाच्या विनाशुल्क शाळा. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून येथे शिकवले जाते. एका शहराने इतक्या भाषा सांभाळणे ही मोठीच गोष्ट आहे. जागेची टंचाई असल्याने अनेकदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात : फाटकावर निरनिराळ्या लिप्यांतल्या पाट्या, आणि सकाळी उर्दू धडा लिहिलेला फळा पुसून दुपारी त्यावरच मराठी बाराखडी.

1888 च्या पालिका अधिनियमाने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. पुढचे शिक्षण ऐच्छिक कामांत राहिले. आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ येथे आहे. प्राथमिक शाळा वस्तीवस्तीत, माध्यमिक मात्र थोड्या. सातवी-आठवीनंतर दाखला काढून दुसरी शाळा शोधावी लागते आणि या टप्प्यावर मुले, विशेषतः मुली, गळतात.

दहावीच्या निकालावरून या शाळांना जोखले जाते, ते अपुरे आहे. हा निकाल 2019 मध्ये 53.14 टक्के, तर 2020 मध्ये 93.25 टक्के लागला. वर्षभरात शिकवणे एवढे पालटत नाही. 2019 ला भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण बंद होते, पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. तोंडी गुण नसताना राज्याचा निकाल 77.10 टक्के होता, म्हणजे पालिकेची मुले 24 टक्क्यांनी मागे. गुण परत येताच हे अंतर दोन टक्क्यांवर आले. मुलांना लिहिते करण्यात शाळा कुठे कमी पडते, ते या दोन वर्षांनी उघड केले.

मात्र सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. झोपडी तुटली, कुटुंब उपनगराच्या दुसऱ्या टोकाला गेले, की मुलाची शाळा वर्षाच्या मध्येच सुटते. शिक्षण हक्क कायदा शिक्षकांना जनगणना व निवडणुकीच्या कामाला जुंपण्याची मुभा देतो. तेवढे दिवस वर्ग दुसऱ्या तुकडीत बसतो.

पालिका मुलांना दप्तर, गणवेशासह 27 शालोपयोगी वस्तू देते, दुपारचे जेवण देते. तरीही पालकांची ओढ इंग्रजीकडे आहे. 2020 नंतर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने केंद्रीय मंडळांच्या शाळा निघाल्या आणि तेथे प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. त्याच पालिकेच्या मराठी शाळांतले शिक्षक पहिलीचा पट भरावा म्हणून वस्तीत घरोघर फिरतात.