सिंहस्थ आणि पहिला मान

॥ श्री ग्रामदैवत प्रसन्न ॥



आपल्या दिंडोशी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात असताना स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहावे, अशी समितीने मला आज्ञा केली. मी इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत, आणि आयुष्य तालुका कचेरीच्या दप्तरात चाललेले. कागद वाचावा, तारीख ताडून पाहावी आणि टिपण ठेवावे, एवढेच मला येते. तेव्हा हेही एक टिपणच समजावे.

विषय मात्र मी मुद्दाम निवडला आहे. जीर्णोद्धाराच्या बैठकांत कलशारोहणाच्या दिवशी पहिल्या अभिषेकाचा मान कोणाचा, यावरून काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. मूळ गावकरी म्हणाले, देऊळ आमच्या वाडवडिलांचे. मागाहून येऊन राहिलेले म्हणाले, वर्गणी आम्ही जास्त दिली. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. पण आवाज चढले, आणि एक बैठक अर्ध्यावर मोडली. त्या रात्री घरी येताना मला नाशिक आठवले. म्हणून हा लेख नाशिकच्या सिंहस्थाविषयी आहे.

सिंहस्थ म्हणजे काय?

गुरू हा ग्रह सिंह राशीत असतो त्या काळास सिंहस्थ म्हणतात. गुरूला बारा राशी फिरून येण्यास सुमारे ११ वर्षे १० महिने लागतात. म्हणून सिंहस्थ साधारणपणे बारा वर्षांनी येतो, पण हा हिशेब अगदी तंतोतंत नसल्याने कधी कधी तो एक वर्ष अलीकडेही येतो. पुढे गुरू कन्या राशीत गेला की कृष्णाकाठी कन्यागत पर्व सुरू होते, आणि वाई व नरसोबाची वाडी येथे यात्रा भरते.

गोदावरीच्या उगमाची कथा ब्रह्मपुराणात आली आहे. गौतम ऋषींना गोहत्येचा दोष लागला, त्यांनी तप करून शंकराला प्रसन्न केले आणि ब्रह्मगिरीवर गंगा उतरली. ती निसटून जाऊ लागली तेव्हा ऋषींनी कुश म्हणजे दर्भ आडवे घालून तिला अडविले. तेच त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त. नाशिकात स्नानाचे मुख्य स्थान रामकुंड होय. त्र्यंबकेश्वराचे हल्लीचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. नाशिकचे काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभे केले.

पूर्वी आपल्या भागातून नाशिकला जाणे म्हणजे घाट चढून पायपीट. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईकराला नाशिक एका दिवसाच्या टप्प्यात आले. आपल्याकडे आरेच्या डोंगरातून ओशिवरा नदी निघते खरी, पण दिंडोशीच्या म्हाताऱ्या माणसांना गंगा म्हटले की नाशिकचीच आठवण होई. "गंगेवर जाऊन येतो" असे म्हणून आमचे आजोबा गोदावरीवर जात.

आधी कोण?

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. सिंहस्थात साधूंचे तेरा आखाडे येतात. त्यांपैकी दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी हे तीन वैष्णव. ते नाशिकला रामकुंडावर स्नान करतात. राहिलेले दहा त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर करतात. एकाच पर्वाला ही दोन ठिकाणे का, असा प्रश्न मला लहानपणापासून पडे. त्याचे उत्तर मोठे दुःखद आहे.

१७८९ च्या सिंहस्थात पहिले स्नान कोणी करावे यावरून शैव आणि वैष्णव साधूंत भांडण जुंपले आणि त्याचे पर्यवसान मोठ्या रक्तपातात झाले. ज्यांनी संसार सोडला, नाव सोडले, गोत्र सोडले, त्यांना पहिला मान मात्र सोडता आला नाही. पुढे पेशवे सरकारच्या निवाड्याने शैवांना त्र्यंबक आणि वैष्णवांना नाशिक अशी वाटणी झाली. ती वाटणी इंग्रजी अमलातही चालली आणि आजही चालू आहे. आपण ज्याला परंपरा म्हणून हात जोडतो, ती मुळात एका तंट्यातली तडजोड आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय नाशिकचा इतिहास पुरा होत नाही. रांगेत आधी कोण, हा वाद ज्यांना रांगेत उभे राहू देतात त्यांचा. ज्यांना रांगेतच येऊ दिले नाही त्यांचे काय? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. काही वर्षे तो चालला, तरी दरवाजा उघडला नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यास बाबासाहेबांनी आपला धर्मांतराचा निश्चय जाहीर केला. देवळाच्या दारात माणूस अडविला की काय गमवावे लागते, हे त्या पायऱ्यांनी पाहिले आहे.

सन २००३ : माझी चूक

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती आजवर घराबाहेर सांगितली नव्हती.

२००३ च्या सिंहस्थास आम्ही दिंडोशीचे चार मित्र निघालो. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, नोकरी लागायची होती. दुसरा रिक्षा चालवी, तिसरा दूध केंद्रावर बसे आणि चौथा शिवणकाम करी. या चौथ्याला लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे तो एका पायाने अधू. दादरला गाडी बदलून कसारा, इगतपुरी करीत आम्ही नाशिकरोडला उतरलो, रात्र फलाटावर काढली. दुसरा दिवस २७ ऑगस्ट, श्रावणी अमावास्या, शाही स्नानाची पर्वणी.

सकाळी गावात शिरलो तो जिकडे तिकडे बांबू आणि दोर. साधूंचे स्नान होईपर्यंत लोकांना रोखून धरले होते. तासभर थांबलो, दोन तास थांबलो. मग आम्हा तिघांना धीर धरवेना. चौथ्याच्या हातात पिशवी आणि चौघांच्या चपला दिल्या आणि म्हटले, "तू इथंच बस, आम्ही पुढची वाट बघून येतो." ते खोटे होते. बांबूखालून वाकून आम्ही गल्लीबोळांतून खाली गेलो आणि गाडगे महाराज पुलाच्या बाजूला नदीत उतरलो. मी चार डुबक्या मारल्या. चौथी त्याच्या नावाने मारली आणि त्याचे देणे फिटले असे समजलो.

परत वर येतो तो लोक उलटे धावत होते. काळाराम मंदिराच्या बाजूच्या उताराच्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली होती. त्या दिवशी ३९ माणसे मेली. नाणी उधळली गेली आणि ती घेण्यास लोक वाकले, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून आले होते.

आमचा मित्र सोडला होता त्या जागी नव्हता. त्या काळी आमच्यापैकी कोणाकडे मोबाइल नव्हता. संध्याकाळपर्यंत आम्ही घाट, चौक, धर्मशाळा पालथ्या घातल्या. मग सरकारी रुग्णालयात गेलो. तेथे नावांची यादी लावलेली होती. मी बोट ठेवून एकेक नाव वाचले. आज कचेरीत रोज याद्या वाचतो, पण एखादी लांब यादी हातात आली की माझे बोट अजूनही त्या दिवसासारखे थरथरते.

त्याचे नाव यादीत नव्हते. पहाटे आम्ही नाशिकरोडला परतलो तेव्हा तो फलाटावर पिशवीला टेकून बसलेला दिसला. गर्दी हलू लागताच एका पोलिसाने त्याला उचलून एका ओट्यावर बसविले होते, आणि मग लोकांना विचारत विचारत तो स्टेशनवर आला होता. आम्हांला पाहून तो एवढेच म्हणाला, "चपला मोजून घ्या. चार जोड आहेत."

त्याचे स्नान झालेच नव्हते. परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. घरी आल्यावर मावंदे घालायचा विषय आईने काढला, तो मी टाळला.

गर्दीत माणूस कसा मरतो?

पुढे नोकरीत आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणास जाण्याचा योग आला. तेथे समजले की अशा वेळी बहुतेक माणसे पायाखाली तुडविली जाऊन मरत नाहीत, तर उभ्या उभ्या दाबली जाऊन मरतात. छातीला फुगायला जागा राहत नाही आणि श्वास कोंडतो. आणि मागून रेटणाऱ्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नाही. त्याला वाटते, मी जरासा तर ढकलतो आहे. असे हजारो जरासे एकत्र झाले की पुढच्याचा जीव जातो. तेव्हा मला कळले की बांबूखालून वाकणारे आम्ही तिघे कोण होतो.

नाशिक एकटेच नव्हे. १९५४ साली प्रयागच्या कुंभात शेकडो माणसे मेली. २५ जानेवारी २००५ रोजी आपल्या सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. तेथे तर नदीही नव्हती, देवळाची वाट आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या होत्या. १४ जुलै २०१५ रोजी नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाचे ध्वजारोहण झाले. त्याच दिवशी त्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, राजमहेंद्री येथे, पुष्करम पर्वाच्या पहिल्या स्नानासाठी लोटलेल्या गर्दीत सत्तावीस जण प्राणास मुकले. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी मौनी अमावास्येला प्रयागराज येथे तोच प्रकार पुन्हा घडला. सरकारी आकड्याप्रमाणे ३० माणसे गेली.

सन २०१५ : त्याच्या चालीने

२०१५ च्या सिंहस्थाच्या आधी मी त्या मित्राच्या घरी गेलो. बारा वर्षांत आम्ही रोज भेटत होतो, पण हा विषय कधी काढला नव्हता. म्हटले, "येतोस का?" तो म्हणाला, "येतो. पण माझ्या चालीनं."

आम्ही चौघेही गेलो. पर्वणीचा दिवस १३ सप्टेंबर. त्या सिंहस्थात नदीकाठी नवे घाट बांधले होते, जाण्याचा रस्ता वेगळा आणि येण्याचा वेगळा होता, गाड्या दूरवर थांबविल्या होत्या. लोक कुरकुरत होते की फार चालावे लागते. आम्हीही फार चाललो. मित्र दर थोड्या अंतरावर थांबे, आम्हीही थांबू. शेकडो माणसे आम्हांला मागे टाकून गेली. कोणाचे काही बिघडले नाही. गोदावरी आमच्यासाठी तिथेच वाहत होती. त्या वर्षी नाशिकला चेंगराचेंगरी झाली नाही.

पायरीवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्यात पहिला तो उतरला. आपली डुबकी झाल्यावर त्याने आम्हा तिघांच्या नावानेही एकेक डुबकी मारली आणि तसे बोलूनही दाखविले. गोदेचे पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंड झाळून आणले. चौघांनी मिळून मावंदे घातले. तो गडू आपल्या देवळात ठेवलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

पुढील सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी व्हावयाचे असून २०२७ सालच्या मुख्य पर्वण्यांत २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट या तारखा जाहीर झाल्या आहेत. ज्यांना जायचे त्यांना एवढीच विनंती. पर्वणीचाच हट्ट नको; सिंहस्थाचा सगळाच काळ पुण्याचा मानला आहे. वडीलधाऱ्यांच्या खिशात नाव, गाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते आधी ठरवा. आणि सोबत्यांतला जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या पावलाने चाला.

आता आपल्या बैठकीकडे येऊन लेख संपवितो. मोडलेल्या बैठकीनंतर पुन्हा सर्व जमले, तेव्हा माझा हा मित्र कधी नव्हे तो उठून उभा राहिला. तो म्हणाला, "ज्याला पायऱ्या चढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्याला आधी सोडा. बाकीचे पोचतीलच." कोणी काही बोलले नाही. मग समितीने ठरविले की कलशारोहणाच्या दिवशी प्रथम गावातल्या वृद्ध माताभगिनी व अपंग बांधव, मूळचे असोत वा मागाहून आलेले, यांनी अभिषेक करावा, आणि त्यासाठी गडूतले तेच गोदेचे पाणी वापरावे.

साधूंना जे १७८९ साली साधले नाही आणि मला २००३ साली साधले नाही, ते दिंडोशीच्या ग्रामस्थांनी एका बैठकीत साधले. कलशारोहणाच्या दिवशी पायऱ्यांवर कोणी कोणाला रेटू नये, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करून हे टिपण पुरे करतो.

आपला नम्र,
तालुका कचेरीतील एक लिपिक, दिंडोशी