गाणं कुणाचं?

आमच्या सोलापूरच्या बँडचं पहिलं गाणं नेटवर टाकताना ‘गीत-संगीत’ या रकान्यात मी फक्त माझं नाव लिहिलं. शब्द माझे, चाल माझी. पण ज्या ठेक्यावर पोरं मान हलवायची, तो आमच्या ड्रमरनं बसवला होता. त्यानं एवढंच विचारलं, “मग मी काय केलो बे?” त्यानंतर तो तालमीला आला नाही.

स्वतःची बाजू पक्की करायला मी ब्लॅक सबाथचा ‘पॅरानॉइड’ उघडला. सप्टेंबर १९७०चा अल्बम. आठ गाणी, आणि आठहीपुढे तीच चार नावं : बटलर, आयोमी, ऑस्बॉर्न, वॉर्ड. खरं तर बहुतेक शब्द बेस वाजवणाऱ्या गीझर बटलरचे. ‘रॅट सॅलड’मध्ये तर शब्दच नाहीत, ऑझी ऑस्बॉर्न गातच नाही. तरी त्याचं नाव आहेच.

उलटंही घडतं. आयर्न मेडनच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’वर (१९८२) नवा गायक ब्रूस डिकिन्सन गीतकारांच्या नावांत दिसत नाही. आधीच्या बँडशी झालेला करार आड आला. म्हणजे छापलेली यादी कधी मैत्री सांगते, कधी नुसता कागद.

आपल्याकडे असा रकाना नव्हता. शाहीर शेवटच्या कडव्यात आपली मुद्रा गुंफायचा. गाणं जिथं जाईल तिथं नाव सोबत. पेशवाईच्या उत्तरार्धात आमच्या सोलापूरच्या राम जोशींच्या लावण्या गावोगाव पोचल्या, त्या काळची ही रीत. पण त्या मुद्रेत ढोलकीवाला कुठं असायचा? बहुतेक वेळा कुठंच नाही.

एक जोडी मात्र वेगळी. पुण्याचा होनाजी शिलारखाने कवनं रचायचा, बाळा करंजकर ती गायचा. मुद्रा पडली ‘होनाजी बाळा’. शब्द एकाचे, नाव दोघांचं. इतकं एकजीव की आजही अनेकांना तो एकच माणूस वाटतो. १९५१ साली त्यांच्यावर ‘अमर भूपाळी’ हा सिनेमाही आला.

माझी बाजू पक्की झालीच नाही. मी रकाना बदलला, आता तिथं चौघांची नावं आहेत. ड्रमरला स्क्रीनशॉट पाठवला. निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. रविवारी तालीम आहे. त्याचा ड्रमसेट मी आधीच लावून ठेवणार आहे.